आमच्या गाळ्यांची मापं घेतलीत, आता रिपोर्टही दाखवा: एका संशोधन संस्थेला खुलं पत्र

प्रति,
विश्वस्त मंडळ आणि संशोधन समिती

सप्रेम नमस्कार,

संस्थेचं नाव वर मुद्दाम लिहिलेलं नाही. मला तुमची बदनामी करायची नाहीये, आणि हे पत्र तुमच्यापर्यंत पोचलं की पहिल्या दोन ओळींतच तुम्हाला कळेल की आपल्याबद्दल आहे. कारण तुमच्या संस्थेचा गोल शिक्का मी बनवलाय. सेल्फ-इंकिंग, निळी शाई, वर अर्धगोलात नाव, खाली पुणे, मधे रजिस्ट्रेशन नंबर. तुमचा ऑफिसबॉय प्रूफ बघायला आला तेव्हा "संशोधन"मधल्या स वरचा अनुस्वार उडालेला होता, तो मीच धरला, नाहीतर आज सगळ्या पावत्यांवर चूक छापून गेली असती. संस्था आहे, ना नफा तत्त्वावर चालते असं कळलं म्हणून पन्नास रुपये कमी पण घेतले होते. असो.

मी कोथरूडला एका जुन्या कमर्शियल कॉम्प्लेक्समध्ये रबर स्टॅम्प, व्हिजिटिंग कार्ड, लॅमिनेशन असं छोटं दुकान चालवतो, बावीस वर्षं झाली. गाळा आतल्या पॅसेजमध्ये, रस्त्यावरून दिसत नाही, गिऱ्हाईक विचारत विचारत येतं. कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, १४० स्क्वेअर फूट, त्यात मशीन, काउंटर, एक स्टूल, आणि वर पोटमाळा ज्यात उभं राहता येत नाही. गाळा माझा नाही, लिव्ह-लायसन्सवर, म्हणजे ठराविक मुदतीच्या भाडेकरारावर आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये असे ३१ गाळे आहेत आणि त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन मी आहे, म्हणजे पाणी गेलं, लिफ्ट बंद पडली, पॅसेजमधला दिवा गेला की फोन मलाच.

दोन वर्षांपूर्वी तुमची दोन पोरं आली होती, एक मुलगा एक मुलगी, गळ्यात आयकार्ड, हातात टॅब आणि ते लाल ठिपक्याचं लेझर मीटर. खूप चांगली पोरं होती हे आधी सांगतो. म्हणाली काका, शहरातल्या व्यापारी जागांचा अभ्यास चालू आहे, संस्था कोणाची एजंट नाही, बिल्डरची नाही, डेटा लोकांच्या उपयोगासाठी आहे, रिपोर्ट झाला की तुम्हाला कॉपी देणार. मला इतकं बरं वाटलं की मी दुकान अर्धा दिवस बंद ठेवून त्यांच्याबरोबर प्रत्येक गाळ्यात गेलो. लोक सांगत नव्हते हो! भाडं किती, डिपॉझिट किती, कोण सांगतं अनोळखी माणसाला? शिंपी तर म्हणाला इन्कम टॅक्सवाले आहेत. मी शब्द टाकला म्हणून ३१ च्या ३१ जणांनी माहिती दिली. मधे दोनदा चहा झाला. त्या मुलीने माझ्या गाळ्याचं माप घेतलं तेव्हा मीटरवर आकडा आला आणि ती म्हणाली काका, ॲग्रीमेंटमध्ये तर २०३ लिहिलंय. मी म्हटलं बाई, तो सुपर बिल्टअप, म्हणजे कार्पेटवर सामाईक जागेचं ४५ टक्के लोडिंग चढवलेलं, जिना, पॅसेज आणि ते कायम कुलूप असलेलं टॉयलेट सगळं माझ्या भाड्यात आहे. ती हसली आणि तिने दोन्ही आकडे टाकले. हे लक्षात ठेवा, दोन्ही आकडे टाकले होते.

आता काय झालं ते सांगतो.

तुमचा रिपोर्ट आला. मोठ्या हॉटेलात कार्यक्रम झाला, फोटो पेपरात आले, स्टेजवर सगळे सूटवाले. आमच्यापैकी कोणालाच बोलावणं नव्हतं, त्याचं काही वाटलं नाही, आम्ही कुठे दुकान सोडून जाणार. पण कॉपी आली नाही. महिनाभराने मी मेल केला, मग परत केला, मग पत्र टाकलं. शेवटी उत्तर आलं की रिपोर्ट फक्त सदस्य आणि देणगीदारांसाठी आहे, मंडळाचा धोरणात्मक निर्णय आहे, सहकार्याबद्दल आभार. खाली सही आणि शिक्का. निळा, गोल, अनुस्वार जागेवर.

आणि त्याच महिन्यात माझं ॲग्रीमेंट रिन्यूला आलं. मालक माणूस वाईट नाही, वयस्कर आहेत, पण आता सगळं त्यांचा एजंट बघतो. एजंट आला आणि मोबाईल पुढे केला, त्यात तुमच्या रिपोर्टच्या एका पानाचा फोटो. आमच्या भागाचं नाव, पुढे आकडा, सरासरी भाडं १९० रुपये प्रति स्क्वेअर फूट. म्हणाला काका हे संशोधन आहे, कुणाच्या मनचं नाही. मग कॅल्क्युलेटर काढला, १९० गुणिले २०३, ३८ हजार ५७०, सत्तर सोडले, म्हणाला ३८,५०० करा. मी देत होतो २४ हजार.

जो रिपोर्ट मला बघायला मिळत नाही, ज्यातली माझ्या बिल्डिंगची माहिती मी स्वतः हिंडून गोळा करून दिली, तो रिपोर्ट माझ्याच समोर धरून माझं भाडं वाढवायला आला! हे गप्प बसून गिळणं मला जमलं नाही म्हणून हे पत्र.

आता कोणी म्हणेल की एजंटने केलं त्यात संस्थेचा काय दोष. बरोबर आहे, म्हणूनच संस्थेचा दोष कुठे आहे तेवढंच सांगतो.

पहिली गोष्ट, तो १९० कार्पेटवर की सुपर बिल्टअपवर? त्या पानावर लिहिलेलंच नाही, तळटीपसुद्धा नाही. कार्पेटवर असेल तर १९० गुणिले १४०, म्हणजे २६,६००. सुपर बिल्टअपवर असेल तर ३८,५७०. महिन्याला जवळपास १२ हजारांचा फरक, वर्षाला दीड लाखाच्या आसपास, आणि तो फरक फक्त एक शब्द न छापल्यामुळे. रेरा, म्हणजे बिल्डरांच्या व्यवहारांवरचा कायदा, येऊन इतकी वर्षं झाली, १ मे २०१७ पासून महारेरा चालू आहे, नवीन जागा विकताना कार्पेटवरच बोलावं लागतं, मग संशोधन करणारे कुठल्या एरियावर बोलतायत हे सांगायला काय हरकत? पोरीने दोन्ही आकडे टाकले होते हो.

दुसरी गोष्ट म्हणजे सरासरी, आणि इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण माझं डोकं इथेच जास्त फिरलं. माझ्याकडे वही आहे, सर्व्हेच्या दिवशी मी पण लिहून ठेवलं होतं. आमच्याकडे रस्त्याला लागून ६ गाळे आहेत, मोबाईलवाला, मेडिकल, आइस्क्रीम वगैरे, ते कार्पेटवर ३२० च्या आसपास देतात. आतले २५ गाळे, कुणी १५५, कुणी १७५, माझा १७१, साधारण १६५ धरा. आता करा सरासरी. १९५ येते. म्हणजे तुमच्या आकड्याच्या जवळच, त्यामुळे मला वाटतं तुमचा आकडा कार्पेटवरचाच असणार, पण ते मी अंदाजाने का ओळखायचं? आणि मुख्य म्हणजे आमच्या बिल्डिंगमध्ये १९० ने किंवा १९५ ने भाडं देणारा एकही माणूस नाहीये. एकही! पुढचे त्याच्या कितीतरी वर, आतले त्याच्या खाली. सगळे गाळे भाड्याप्रमाणे ओळीत उभे केले तर मधला गाळा १६५ चा निघतो, त्याला मीडियन म्हणतात हे मला माझ्या मुलीने सांगितलं, ती बीकॉमला आहे. बीकॉमच्या मुलीला कळतं ते पीएचडी झालेल्या समितीला कळत नसेल असं मी म्हणणार नाही, कळलं असेल, पण छापलं नाही. फ्रंटेजवाला गाळा आणि पॅसेजमधला गाळा हे दोन वेगळे धंदे आहेत, एकाच आकड्यात त्यांची मिसळ केली की तर्री पुढच्यांच्या वाटीत आणि ठसका आम्हाला.

तिसरं, भाडं म्हणजे नेमकं काय हे सर्व्हेत विचारलंच नव्हतं. कुणी मेंटेनन्स धरून सांगितलं, कुणी सोडून. कुणाचा प्रॉपर्टी टॅक्स मालक भरतो, कुणाचा भाडेकरू. जीएसटीचं तर विचारूच नका. कमर्शियल भाड्यावर १८ टक्के आहे, आणि १० ऑक्टोबर २०२४ पासून मालक रजिस्टर्ड नसेल आणि भाडेकरू रजिस्टर्ड असेल तर तो टॅक्स रिव्हर्स चार्जमध्ये भाडेकरूने भरायचा. क्रेडिट मिळतं, मान्य, पण पैसे आधी खिशातून जातात. मोठ्या ऑफिसांचं तर अजूनच वेगळं असतं, कागदावर भाडं मोठं आणि पहिले काही महिने फ्री, त्यामुळे खरं पडलेलं भाडं कमीच असतं. आमच्यासारख्याला एक महिना पण फ्री मिळत नाही, उलट रंग स्वतःचा, शटर स्वतःचं.

चौथं, या १९० मध्ये मागितलेलं भाडं किती आणि ठरलेलं भाडं किती? बोर्ड लागतो तेव्हा मालक काहीही मागतो, मागायला पैसे पडत नाहीत. ठरतं ते ॲग्रीमेंटमध्ये. आणि ती माहिती काही गुप्त नाहीये, नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्चमध्ये लिव्ह-लायसन्सचे दस्त निघतात, इंडेक्स टू, म्हणजे दस्ताचा सारांश, बघता येतो. मी दोन महिने रात्री जेवण झाल्यावर बसून काढले. तो कॅप्चा पहिल्यांदा टाकला की कधीच चालत नाही, दुसऱ्यांदा टाकावा लागतो, ही माहिती तुमच्या संशोधकांना माझ्यातर्फे भेट. आमच्या बिल्डिंगचे ११ दस्त मला सापडले. त्यातही सगळं खरं असतं असं नाही, काही ठिकाणी भाड्याचा भाग रोख जातो आणि दस्तात कमी दिसतो, हे मी आमच्याच लोकांबद्दल सांगतोय, तरी निदान एक कागद आहे ज्यावर दोघांच्या सह्या आहेत. ११ दस्त मी एकट्याने काढले, तर फंड असलेल्या संस्थेला हजार काढणं अवघड नव्हतं.

आता एवढा त्रागा एका आकड्याचा का, हे ज्यांचा स्वतःचा गाळा आहे किंवा ज्यांना पगार आहे त्यांना कळणार नाही म्हणून सांगतो. जुने भाडेकरू, पागडीवाले, त्यांना १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात संरक्षण आहे, वर्षाला ४ टक्के वाढ, त्याच्यावर मालक सहसा जाऊ शकत नाही. मोठ्या कंपन्या, म्हणजे १ कोटी आणि वर भरणा भांडवल असलेल्या, त्यांना त्याच कायद्यातून बाहेर ठेवलंय, कारण त्यांच्याकडे वकील आहेत, सल्लागार आहेत, त्या स्वतःचं बघून घेतील. आम्ही लिव्ह-लायसन्सवाले मधल्यामधे. ॲग्रीमेंट रजिस्टर करणं बंधनकारक, ते आम्ही करतो, पण मुदत संपली की पुढचं भाडं किती याला कायद्याची काही वेसण नाही. तेव्हा "मार्केट रेट" चालतो. आणि मार्केट रेट म्हणजे काय, तर समोरच्याने टेबलावर ठेवलेला कागद. माझ्याकडे वही असते, त्याच्याकडे तुमचा रिपोर्ट. कोण जिंकणार?

आणि दुसरा कागद आणायचा तरी कुठून? घरांच्या किमतींचं बघायला काहीतरी आहे, नॅशनल हाउसिंग बँकेचा रेसिडेक्स २००७ पासून आहे, रिझर्व्ह बँक पण घरांचा इंडेक्स काढते. दुकानाच्या भाड्याचं तसं काही सरकारी नाही. रेडी रेकनर, म्हणजे सरकारचा जागांच्या दरांचा तक्ता, आहे पण तो स्टॅम्प ड्युटीसाठी, त्यावरून पॅसेजमधल्या गाळ्याचं भाडं काढायला गेलं तर हसू येतं. बाकी जे आकडे येतात ते मोठ्या ब्रोकर कंपन्यांचे, आणि त्यांचं पोट व्यवहारांवर चालतं, त्यात चूक काही नाही पण मग त्यांचा आकडा कुठल्या बाजूला झुकणार हे उघड आहे. म्हणून तर ना नफा संस्था आली म्हटल्यावर मी दुकान बंद करून तुमच्याबरोबर फिरलो.

तुमच्या अध्यक्षांनी त्या कार्यक्रमात अमेरिकेतल्या संस्थांचा दाखला दिला असं पेपरात वाचलं. मग मी पण थोडं वाचलं, मुलीच्या मदतीने. तिकडे अर्बन लँड इन्स्टिट्यूट १९३६ पासून आहे. नाइऑप नावाची बिल्डर-डेव्हलपरांची संघटना १९६७ पासून आहे आणि तिने २००० साली संशोधनासाठी वेगळं फाउंडेशन काढलं. आणि एनसीआरईआयएफ म्हणून एक आहे, तिचा प्रॉपर्टी इंडेक्स १९७७ ची शेवटची तिमाही १०० धरून आजपर्यंत चालू आहे. पण एक बघा, त्या संस्थेच्या पूर्ण नावातच इन्व्हेस्टमेंट सांभाळणारे असं लिहिलेलं आहे, पेन्शन फंडांचे पैसे सांभाळणाऱ्या लोकांनी स्वतःचा डेटा एकत्र करून स्वतःसाठी काढलेला इंडेक्स. नाइऑपही लपवत नाही की आम्ही डेव्हलपर आहोत. तुम्ही तसं सांगून आला असतात तर मी चहा तरीही पाजला असता, वही दाखवली नसती. तुम्ही म्हणालात लोकांसाठी. ८०जी ची पावती देता, देणगीदाराला टॅक्समध्ये सूट मिळते, म्हणजे त्यात थोडा पैसा सगळ्यांचाच आला की नाही? मग सगळ्यांना रिपोर्ट का नाही?

आणि आता नवीन निर्णय. तुमच्या पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात होता, जाता जाता सांगितल्यासारखा. की छोट्या दुकानांचा सर्व्हे यापुढे करणार नाही, पुढची तीन वर्षं ग्रेड ए, म्हणजे एकदम वरच्या दर्जाची ऑफिस, वेअरहाऊस आणि डेटा सेंटर यावर भर. अहो, ग्रेड ए ऑफिसची माहिती तर आधीच ढिगाने पडलीये! हिंजवडी, खराडी, येरवडा, कुठल्या पार्कात किती जागा रिकामी, काय भाडं, हे ब्रोकर कंपन्या दर तीन महिन्यांनी फुकट वाटतात. २०१९ ला एम्बसीचा रीट, म्हणजे भाड्याच्या जागांमध्ये लोकांचे पैसे गुंतवणारा ट्रस्ट, शेअर बाजारात आला, २०२० ला माइंडस्पेसचा, दोघांच्या जागा पुण्यात आहेत, आणि लिस्टेड असल्यामुळे किती जागा भरली, भाडं किती पडतं हे त्यांना जाहीर करावंच लागतं. ज्या जागांची माहिती घरबसल्या मोबाईलवर मिळते त्यांच्यावर अजून संशोधन, आणि ज्या गाळ्याचं माप घ्यायला लेझर मीटर घेऊन पायी फिरावं लागतं ते बंद. विहीर सोडून नळाला पोहरा लावण्यासारखं आहे हे.

संशोधनाला विषय कमी आहेत का आमच्याकडे? कर्वे रोडला मेट्रोचं काम चालू होतं तेव्हा वर्षानुवर्षं पत्रे लागलेले, गाडी लावायला जागा नाही, गिऱ्हाईक निम्मं, भाडं तेवढंच. ६ मार्च २०२२ ला वनाज ते गरवारे मेट्रो सुरू झाली, आणि लगेच मालक लोक म्हणायला लागले आता स्टेशन आलं, भाडं वाढवा. स्टेशनमुळे पॅसेजमधल्या स्टॅम्पवाल्याचं गिऱ्हाईक वाढलं का, हे कोणी मोजलं? मी मोजलंय माझ्यापुरतं, बिलबुकात आहे, नाही वाढलं. पण माझ्या बिलबुकाला कोण विचारतंय.

माझं शेवटी ३१ हजारावर मिटलं. तीन आठवडे घासाघीस करून, वही दाखवून, ११ दस्तांच्या प्रिंट दाखवून, आणि मालकांच्या घरी जाऊन त्यांच्याशी समोरासमोर बोलून. तेही म्हणाले, मला एजंटने सांगितलं संशोधन आहे म्हणून मी म्हटलं असेल. आमच्यातल्या दोघांना नाही जमलं. एक घड्याळ दुरुस्तीवाले होते, ३७ वर्षं धंदा, त्यांनी शटर ओढलं आणि आता घरून काम करतात. दुसरा गाळा अजून रिकामा आहे, १९० ने कोणी घेत नाहीये.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

तो रिपोर्ट, निदान त्यातला दुकानांचा भाग, सगळ्यांना फुकट खुला करा, मराठीतून दोन पानांचा सारांश दिलात तर अजून चांगलं. ज्यांनी माहिती दिली त्यांना छापील कॉपी घरपोच नको, आम्ही येऊन घेऊन जाऊ.

प्रत्येक आकड्यापुढे कार्पेट की सुपर बिल्टअप, मेंटेनन्स आणि जीएसटी धरून की सोडून, मागितलेलं की ठरलेलं, एवढं छापा. छापून झालेल्या रिपोर्टला शुद्धिपत्रक काढा आणि ते ज्यांना रिपोर्ट दिला त्या सगळ्यांना पाठवा, एजंट लोकांनाही. सरासरीबरोबर मीडियन द्या, आणि रस्त्यावरचे गाळे आणि आतले गाळे वेगळे दाखवा.

देणगीदारांची यादी आणि कोणाच्या पैशातून कुठला अभ्यास झाला हे रिपोर्टच्या पहिल्या पानावर टाका. बिल्डरने पैसे दिले तर दिले, लिहा फक्त.

छोट्या दुकानांचा सर्व्हे बंद करू नका. पैसे कमी असतील तर दर दोन वर्षांनी करा, कमी भाग घ्या. माणसं कमी असतील तर आम्ही हिंडतो तुमच्याबरोबर, परत हिंडू, पण यावेळी कॉपी देणार हे लेखी देऊन.

आणि सल्लागार समितीवर एक तरी भाडेकरू घ्या. मीच पाहिजे असं नाही, मला मीटिंगला यायला जमणारही नाही सकाळी, पण कोणीतरी असा ज्याने स्वतःच्या खिशातून दुकानाचं भाडं भरलंय.

उत्तर पत्राने दिलंत तरी चालेल, मेलने दिलंत तरी चालेल, मी जसंच्या तसं आमच्या ग्रुपवर टाकणार आहे हे आधीच सांगतो. त्या दोन पोरांना माझा नमस्कार सांगा, त्यांच्यावर राग अजिबात नाही.

अजून एक. तुमच्या ऑफिसमधून दिवाळीच्या आधी फोन आला होता की शिक्का पुसट उठतोय, नवीन पॅड पाहिजे. पॅड आलंय, काउंटरच्या खणात ठेवलंय, सत्तर रुपये. दुकान सकाळी दहा ते दीड आणि चार ते साडेआठ उघडं असतं, पॅड न्यायला याल तेव्हा रिपोर्ट घेऊन या.

आपला,
गाळा नंबर १७, आतला पॅसेज